वही सर्वांची, हमी कोणाची?

कॉटन ग्रीन स्थानकावर उतरून काळाचौकीकडे येऊ लागले की कापूस बाजाराची जुनी इमारत आजही दृष्टीस पडते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कुलाब्याचा कापूस शिवडीच्या अंगास आला. गोदामे उभी राहिली, दलाल आले आणि त्यांच्यामागून तेजी-मंदीचा खेळही आला. गोदामातला कापूस गिरणीत जाई, त्याचे सूत होई, सुताचे कापड होई. भाव मात्र हवेत तरंगत राही आणि त्याच्याकडे मान वर करून पाहणाऱ्यांची संख्या वाढत जाई. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस कितीला उघडला आणि कितीला बंद झाला हे टेलिप्रिंटरवरून मुंबईस कळे आणि त्या आकड्यांवर पैसे लावले जात. १९६१ च्या सुमारास ते आकडे येईनासे झाले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची युक्ती निघाली. तिचेच नाव मटका. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही नावे पुढे लालबाग-परळच्या चाळीचाळींत ठाऊक झाली. दिवसभर सुताच्या धुरळ्यात उभा राहणारा कामगार सायंकाळी आकड्याची चिठ्ठी खिशात घालून घरी येई, आणि हा मटका कापसाच्याच पोटी जन्मला आहे हे बहुधा त्याच्या गावीही नसे.

हा जुना इतिहास आम्ही उगाळीत बसलो आहोत यास कारण आहे. ज्या वस्तूविषयी आज लिहावयाचे आहे तिला बिटकॉइन असे म्हणतात. तिच्या गोतावळ्यास आभासी चलन हे नाव आहे. सुज्ञ वाचकांपैकी तरुणांना ते आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल आणि वृद्धांना ते ठाऊक करून घेण्याची इच्छा नसेल. आम्हीही कित्येक वर्षे दुसऱ्या गटात सुखाने बसलो होतो. ते सुख कसे गेले, ते आधी सांगितले पाहिजे.

२०१७ सालचा नाताळ जवळ आला होता. आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या एक वृद्ध मावशी करंज्या आणि कलकलांचे ताट घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांचे यजमान गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि ते घरी बसले, ते पुन्हा साच्यावर उभे राहिलेच नाहीत. यजमानांच्या पश्चात मावशींनी दुपारचे डबे पुरवून संसार ओढला. गिरणीकडून कालांतराने मिळालेली थकबाकी आणि डब्यांतून मागे टाकलेले पैसे मिळून त्यांच्यापाशी दीड लाख रुपये होते. ताट ठेवून त्या बसल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही वाचता-लिहिता म्हणून विचारते. आमच्या जावेचा मुलगा म्हणतो, बिटकॉइन म्हणून नवीन काही निघालंय, पैसे टाकले की दर महिन्याला येत राहतात. टाकू का?"

त्या आठवड्यात सर्व वृत्तपत्रांत बिटकॉइनचीच वार्ता होती. एका नाण्याची किंमत वीस हजार डॉलरच्या घरात गेली होती. आम्ही मथळे वाचले होते. मथळ्यांखालील मजकूर आम्हांस कळला नव्हता. परंतु तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिलेल्या माणसाच्या जिभेस 'मला ठाऊक नाही' हे शब्द जड जातात. आम्ही करंजी तोडीत म्हणालो, "काळच आता तसा आला आहे, मावशी. या मुलांना या गोष्टी आपल्यापेक्षा अधिक कळतात."

मावशींनी पैसे टाकले. तीन महिने काही रक्कम आली. मग ती थांबली, आणि पावसाळा येईपर्यंत ज्या माणसांनी दादरच्या एका सभागृहात सभा घेतली होती त्यांचे दूरध्वनी लागेनासे झाले. जावेच्या मुलाने स्वतः कर्ज काढून याच योजनेत पैसे घातले होते. तो मावशींपेक्षा अधिक बुडाला. मावशींनी आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. आम्हीच एकदा विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही कुठे टाक म्हणालात, सर?" ते अक्षरशः खरे होते. आणि ते खरे होते म्हणूनच आम्हांला त्या रात्री झोप आली नाही.

आम्ही 'टाका' म्हणालो नव्हतो; 'टाकू नका' असेही म्हणालो नव्हतो. मग आमचा अपराध कोणता? न जाणणे हा अपराध असेल, तर जगातील बहुतेक गोष्टींबाबत आपण सारेच अपराधी ठरू. नव्या कल्पना रोज निघतात. त्या साऱ्यांच्या मागे धावावे, असा कोणाचा आदेश आहे? की केवळ धावण्याचा आव आणू नये, एवढाच आहे? या प्रश्नाने आम्हांस त्यानंतर बरीच वर्षे सोडले नाही, आणि त्याचे उत्तर शोधता शोधताच आम्ही ती गोष्ट शिकू लागलो, जी आम्ही मावशी आल्या त्या दिवसापूर्वी शिकावयास हवी होती. अभियांत्रिकीच्या वर्गात असलेली आमची एक नात या बाबतीत आमची गुरू झाली. शिष्य मंद होता, गुरू अधीर होती. तरी अभ्यास पुढे सरकला.

जे समजले ते आमच्या भाषेत असे मांडता येईल. चाळीतील भिशी आपणांस ठाऊक आहे. वीस घरे महिन्याला ठरावीक रक्कम काढतात, दर महिन्यास एकेका घरास सारी रक्कम मिळते आणि एक विश्वासू बाई वही सांभाळते. सर्व काही त्या बाईवर अवलंबून. आता समजा, वही एका घरी न ठेवता वीसही घरांत तिची एकेक प्रत ठेवली, आणि प्रत्येक नोंद वीसही घरांनी एकाच वेळी उतरवून घेण्याची प्रथा पाडली. शिवाय असे ठरवले की एक पान भरले की त्यावरील प्रत्येक अक्षरातून विशिष्ट गणिताने एक खूण काढावी आणि ती पुढील पानाच्या माथ्यावर लिहावी. मग मागच्या पानात कोणी एक शून्य गुपचूप वाढवले तर पुढील साऱ्या पानांच्या खुणा चुकतील आणि लबाडी उघडी पडेल. पाने अशी एकमेकांत गुंफली जातात म्हणून त्या वहीस साखळी म्हणतात. बिटकॉइन म्हणजे अशा वहीतील नोंद. तिला कागद नाही, धातू नाही, राजाचा मुखवटाही नाही.

पुढील पान कोणी लिहावयाचे, हा उरलेला प्रश्न. त्यासाठी संगणकांमध्ये एक कंटाळवाणे गणित सोडवण्याची शर्यत लागते. साधारण दर दहा मिनिटांनी कोणीतरी जिंकतो, पान लिहितो आणि बक्षीस म्हणून नवी नाणी मिळवतो. प्रारंभी हे बक्षीस पन्नास नाण्यांचे होते. २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ मध्ये ते निम्मे निम्मे होत आता सव्वातीन नाण्यांहूनही थोडे कमी उरले आहे. एकूण नाणी दोन कोटी दहा लाखांच्या पुढे जाणार नाहीत, असा नियम प्रथमपासूनच घातलेला आहे. या शर्यतीत वीज बेसुमार जळते, हा आक्षेप खरा आहे. इथेरियम नावाच्या दुसऱ्या मोठ्या चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये ही शर्यतच बंद करून आपला वीजवापर जवळजवळ नाहीसा केला. बिटकॉइनने तसे केलेले नाही.

सातोशी नाकामोतो असे नाव घेतलेल्या कोणा अज्ञात व्यक्तीने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी ही कल्पना जगापुढे मांडली आणि जानेवारी २००९ मध्ये वहीचे पहिले पान लिहिले. त्या पानात लंडनच्या एका वृत्तपत्राचा त्या दिवसाचा मथळा गोवलेला आहे; तो बुडत्या बँकांना सरकारने पुन्हा हात देण्याविषयीचा होता. म्हणजे ही केवळ गणितज्ञांची करमणूक नव्हती. पैसा सांभाळणाऱ्या मोठ्या माणसांनी जगाला फसवले आहे, तेव्हा यापुढे कोणावर विश्वास ठेवण्याची गरजच पडू नये, असे काही उभारावे, हा तिच्यामागील रोष होता.

हा रोष आमच्या वस्तीस परका नाही. मध्यमवर्गीयाने आणि कामगाराने या शहरात सहकारी बँकांवर घरच्यासारखा विश्वास टाकला. १९६४ मध्ये पतपेढी म्हणून आरंभ झालेली अभ्युदय बँक काळाचौकीने आपलीच मानली. अभ्युदयनगर आणि ती बँक ही नावे येथे एका श्वासात घेतली जात. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्या संचालक मंडळास बाजूस सारून प्रशासक नेमला. ठेवींवर निर्बंध आले नाहीत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली; परंतु त्या दिवसांत येथील वृद्धांच्या चेहऱ्यांवर जे दिसे ते आम्ही पाहिले आहे. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या ठेवीदारांवर काय ओढवले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया बँकेच्या दारांपुढे कशा रांगा लागल्या, हे सर्वांच्या स्मरणात आहे. अशा वेळी कोणी तरुण येऊन म्हणाला की 'संचालक नको, व्यवस्थापक नको, वही सर्वांच्या घरी', तर त्याचे बोलणे गोड वाटावे यात नवल ते काय?

नवल पुढे आहे. विश्वासाची गरज नाहीशी करणारी ही वस्तू आमच्यापर्यंत आली ती केवळ विश्वासाच्याच वाटेने. मावशींनी कोणती वही तपासली? त्यांनी जावेच्या मुलाकडे पाहिले. त्याने सभागृहातील वक्त्याकडे पाहिले, वक्त्याच्या अंगावरील कोटाकडे पाहिले. आणि मावशींनी शेवटची खातरजमा म्हणून आमच्याकडे पाहिले. गणिताची साखळी अभेद्य असेल. माणसांची ही दुसरी साखळी अगदी कच्च्या सुताची होती, आणि तिची एक गाठ आमच्या हातात होती.

महाराष्ट्रात सर्वांत अधिक गाजलेले प्रकरणही याच जातीचे. 'गेनबिटकॉइन' या योजनेत दरमहा दहा टक्के याप्रमाणे अठरा महिने परतावा बिटकॉइनमध्येच मिळेल असे सांगितले गेले, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. गोळा केलेल्या रकमेचा त्यांचा आकडा सहा हजार सहाशे कोटी रुपयांचा आहे. मुख्य आरोपी अमित भारद्वाज यास एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. पुढे हे प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले. यातील एक उपकथा आम्हांस मुख्य कथेहून अधिक बोलकी वाटते. पोलिसांना ही नाणी हाताळण्याचे ज्ञान नव्हते, म्हणून त्यांनी तपासात दोन जाणकारांना साहाय्यास घेतले. जप्त करावयाच्या नाण्यांतील काही परस्पर वळवल्याच्या आरोपावरून मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. त्यांच्या अपराधाचा निवाडा न्यायालय करील. पण जो जाणत नाही त्याला जाणणाऱ्याच्या हाती जावे लागते, आणि ते हात तपासण्याइतके ज्ञानही त्याच्यापाशी नसते, ही अडचण मावशींची जशी होती तशीच पोलिसांचीही होती.

यावर एक आक्षेप येतो आणि तो आणणारा दुसरा कोणी नसून तो जावेचाच मुलगा. डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइनने एक लाख डॉलरची मर्यादा ओलांडली, तेव्हा तो आम्हांस जिन्यात भेटला आणि खिन्नपणे हसून म्हणाला, "सर, त्या योजनेऐवजी नुसतं खरं नाणं घेऊन ठेवलं असतं, तर आज मावशीचे दीड लाखाचे सात-आठ लाख असते." हिशेब बरोबर होता. रुपया मधल्या काळात घसरल्याने तो त्याच्या अंदाजाहून अधिकच बरोबर होता. आणि त्या क्षणी एक लाजिरवाणा विचार आमच्या मनात येऊन गेला, तो येथे कबूल करतो: तसे झाले असते तर आमच्या त्या उत्तराची आज चाळभर वाहवा झाली असती.

या एका विचारापाशी आम्ही बराच काळ थांबलो. उत्तर तेच, अज्ञान तेच, करंजी तोडण्याची ऐटही तीच. केवळ नाणे दुसरे असते तर आम्ही द्रष्टे ठरलो असतो. मग बरेवाईट ठरवणारा बाजारभाव झाला, असे म्हणावयाचे काय? विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये एक प्रसिद्ध दृष्टांत दिला होता. एका जहाजमालकास आपले जहाज जुने झाले आहे याची शंका असते. तो शंका दाबून टाकतो, स्वतःची समजूत घालतो आणि प्रवाशांनी भरलेले जहाज समुद्रात लोटतो. जहाज बुडते. क्लिफर्ड विचारतो की ते बुडाले नसते तर? आणि उत्तर देतो की मालक तितकाच दोषी. फरक एवढाच की दोष उघडा पडला नसता. क्लिफर्ड श्रद्धेचा मित्र नव्हता आणि पुराव्यावाचून कशावरही विश्वास ठेवू नये हे त्याचे टोकाचे मत आम्हांस मान्य होणे शक्य नाही. आईवर मूल पुरावा मागून विश्वास ठेवीत नाही. पण जहाजाचा दृष्टांत आम्हांस नाकारता येत नाही. शंका आमच्याही मनात होती. ती विचारण्याचे कष्ट आम्ही घेतले नाहीत, कारण जहाजात आमचे काही नव्हते; होते ते मावशींचे.

रतन खत्रीच्या मटक्याविषयी जुने लोक सांगत की चिठ्ठी सर्वांसमक्ष निघे, त्यात लबाडी नसे, म्हणून लोकांचा त्यावर भरवसा. लहानपणी आम्हांसही ते कौतुकाचे वाटे. आज असे वाटते की चिठ्ठी प्रामाणिक असणे आणि कामगाराची पगाराची पुडी त्या चिठ्ठीवर जाणे योग्य असणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. बिटकॉइनची वहीही प्रामाणिक आहे. इतक्या वर्षांत तिच्या पानांत कोणी खाडाखोड करू शकलेला नाही. परंतु कोणाच्या नावावर किती नाणी आहेत एवढेच वही सांगते. ते नाणे एका डब्यावाल्या बाईने घ्यावे की नाही, हे ती सांगत नाही. ते सांगण्याचे काम अजून माणसांकडेच आहे.

मग जाणण्याचे कर्तव्य कोणाचे आणि कितपत? आमच्याच परंपरेत याची काही उदाहरणे सापडतात. जमाखर्चाची दुहेरी नोंद, जिच्यावर आज जगातील प्रत्येक पेढी चालते, ती १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात सविस्तर मांडली ती लुका पाचोली या फ्रान्सिस्कन संन्याशाने. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या माणसाने व्यापाऱ्यांची वही शिकावी! त्याच संघाच्या बंधूंनी पंधराव्या शतकात इटलीत गरिबांसाठी अल्प आकारणीवर कर्ज देणाऱ्या गहाणपेढ्या काढल्या. ती आकारणी व्याज ठरते की काय यावर मोठा वाद झाला आणि १५१५ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेने त्या पेढ्यांना मान्यता दिली. चर्चने पैशाविषयी विचार नेहमीच सावकाश केला, कधी फारच सावकाश. परंतु ते बंधू व्याजाचे शास्त्र शिकले ते स्वतःच्या गाठीला चार पैसे जोडण्यासाठी नव्हे.

आणखी जवळचे उदाहरण वसईचे. जर्मनीतल्या खेड्यांत रायफायझेनने एकोणिसाव्या शतकात चालू केलेली सहकारी पतपेढीची कल्पना हिंदुस्थानात १९०४ च्या कायद्याने आली. कल्पना परदेशी, कायदा इंग्रजी, आणि वसईचा शेतकरी सावकाराच्या वहीत अडकलेला. मोन्सेन्योर पी. जे. मोनीस यांनी १९१८ मध्ये वसईत कॅथलिक पतपेढी उभी केली. तीच पुढे बॅसीन कॅथलिक बँक झाली. त्या काळी सहकार ही गोष्ट आजच्या आभासी चलनाइतकीच अपरिचित असली पाहिजे. कोणीतरी तो कायदा बसून वाचला असेल, त्याचे नियम समजून घेतले असतील आणि मग लोकांसमोर उभे राहून 'यात पैसे ठेवा' असे म्हटले असेल. ते म्हणण्यापूर्वीचे जे वाचन, ते आमच्याकडून झाले नाही.

त्या वाचनासाठी रोजचे भाव पाहावे लागत नाहीत. आमच्या ओळखीचे एक सेवानिवृत्त गृहस्थ पहाटे उठून प्रथम बिटकॉइनचा भाव पाहतात, मग प्रार्थना म्हणतात. इतके अद्ययावत असूनही चावी म्हणजे काय हे त्यांना सांगता आले नाही. नाणे ज्या गुप्त अंकांनी खर्च करता येते ती त्याची चावी. ती हरवली तर जगातील कोणतीही कचेरी ती पुन्हा देऊ शकत नाही; आणि ती सांगून न ठेवता माणूस वारला तर त्याच्या विधवेस वारस-दाखला दाखवूनही काही मिळत नाही. चावी दुसऱ्याच्या हाती दिली तर निराळाच धोका. जुलै २०२४ मध्ये भारतातील वझीरएक्स या मोठ्या बाजारातून सुमारे तेवीस कोटी डॉलरची नाणी चोरीस गेली आणि त्यानंतर वर्षाहून अधिक काळ ग्राहकांना आपली नाणी काढून घेता आली नाहीत. ही माणसे फसव्या योजनेत गेलेली नव्हती; त्यांनी खरीच नाणी घेतली होती.

कायद्याविषयी तर वस्तीत अफवाच अधिक. रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या डिसेंबरात पहिला इशारा दिला, एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास फर्मावले, आणि ते फर्मान सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर तीस टक्के कर बसवला. तेव्हापासून 'सरकार कर घेते, म्हणजे सरकारची हमी आहे' असे वाक्य आम्ही कित्येकांच्या तोंडून ऐकले. कर घेणे ही हमी नव्हे. बँकेतील ठेवीस पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. या नाण्यांस तसले काही नाही. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून मुंबईसह चार शहरांत चालू केलेला डिजिटल रुपया हा निराळाच. तो आपला नेहमीचा रुपयाच, केवळ कागदाविना. या दोहोंची गल्लत करून देणारे लोक हिंडत असतात, म्हणून एवढे लिहिले.

हे सारे वाचून वाचकांस वाटेल की आम्ही या वस्तूचे वैरी झालो आहोत. तसे नाही. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण जहाजावर आहे. परदेशी बंदरातून घरी पैसे पाठवताना मध्ये किती कापले जाते आणि किती दिवस जातात, हे दर्यावर्दींच्या घरांना सांगावयास नको. डॉलरशी किंमत बांधलेल्या नाण्यांतून तीच रक्कम काही मिनिटांत जाते, असे त्याने आम्हांस कागदावर मांडून दाखवले. आम्ही त्यास दोन गोष्टी विचारल्या: आपल्या परकीय चलनाच्या कायद्यात हे बसते काय, आणि मे २०२२ मध्ये टेराचे असेच 'स्थिर' म्हणवणारे नाणे चार दिवसांत कसे कोसळले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर विचारून येतो, म्हणाला; दुसऱ्याचे त्याने तेथेच दिले. टेराच्या नाण्यामागे खरे डॉलर ठेवलेले नव्हते, केवळ दुसऱ्या नाण्याचा आधार होता. तो म्हणत होता ती नाणी निराळी, आणि अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये कायदा करून अशा नाण्यांमागे पुरेपूर ठेव राखणे बंधनकारक केले आहे. त्याचे बोलणे आम्हांस पटले, असे नव्हे. पण तो प्रश्नाला बिचकला नाही. जावेचा मुलगा २०१७ साली एकाही प्रश्नाला असे उत्तर देऊ शकला नसता, आणि खेद हा की त्यास एकही प्रश्न विचारला गेला नाही.

आमच्या पिढीतील अनेकांस 'आम्हांस हे कळत नाही' असे म्हणण्यात एक प्रकारची सात्त्विकता वाटते. आम्हांसही ती वाटे. आता आम्ही तिच्याकडे संशयाने पाहतो. जो मनुष्य कळत नाही असे म्हणतो आणि विचारणाऱ्यास जाणत्याकडे घेऊन जातो त्याची गोष्ट निराळी. जो तसे म्हणून पुन्हा वृत्तपत्र उघडतो त्याने शेजाऱ्याचा प्रश्न दाराबाहेर ठेवून कडी लावली आहे. जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेस नावाच्या दालनापुढे जी माणसे रडत उभी होती, त्यांत भाजीवाले होते, छोटे दुकानदार होते. तेथे आभासी नाणी नव्हती, कृत्रिम खडे होते आणि आठवड्याच्या व्याजाचे वचन होते. दादर येथून किती दूर? त्या वर्षभरात त्यांतील कित्येकांनी आमच्यासारख्या कोणा ना कोणास 'टाकू का?' असे विचारलेच असेल.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सानंतर मावशी पुन्हा आमच्या दारी आल्या. बरोबर जावेचा मुलगा होता. त्याने कर्ज फेडले आहे, आता एका कुरिअर कंपनीत नोकरी करतो. त्याच्या भ्रमणध्वनीवर कोणा मित्राने नव्या नाण्याची माहिती पाठवली होती आणि तो स्वतःच ती दाखवावयास आला होता, ही आम्हांस मोठी गोष्ट वाटली. आम्ही म्हणालो, "हे नाणं आम्हांला ठाऊक नाही. बसा, बघू." नातीस हाक मारली. मावशींच्या डब्यांच्या हिशेबाची जुनी वही होती, तिच्या मागच्या कोऱ्या पानावर आम्ही लिहू लागलो: पैसे कोणाच्या नावे जमा होणार, चावी कोणापाशी राहणार, आणि महिन्याला जे मिळेल म्हणतात ते कोणाच्या खिशातून येणार.

पहिल्याचे उत्तर त्याने दिले. दुसऱ्याचे नातीने शोधून सांगितले आणि ते ऐकून तो गप्प झाला. तिसऱ्यापाशी आम्ही चौघेही अडलो. पाऊण तास गेला. शेवटी त्याने भ्रमणध्वनी पालथा घातला आणि म्हणाला, "मित्राला विचारतो, सर. पुढच्या रविवारी येतो." मावशींनी वही बंद केली नाही, ते पान तसेच उघडे ठेवून त्या चहा टाकावयास उठल्या.